‘नाही’ न म्हणणारे बिराजदार सर

बिराजदार सर लायब्ररीच्या खिडकीशी येऊन उभे राहिले की माझ्या मस्तकात तिडीक जायची. पांढरा शर्ट, पांढरी पँट, काखेत काळी छत्री आणि गालात लवंग. बराच वेळ कपाटांकडं बघत राहायचे आणि मग अगदी हळुवारपणे म्हणायचे, "शिंदेबाई, तुम्हीच सांगा, कोणतं नेऊ?"

अहो, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक तुम्ही, आणि कोणतं पुस्तक वाचायचं ते ग्रंथपालानं सांगायचं? मी हाताला लागेल ते देऊन टाकायची. आठवड्याभरानं पुस्तक परत यायचं आणि वर शेरा, "या वेळी तुमची निवड जरा फसली हं, बाई." म्हणजे निवड माझी! स्टाफ रूममध्येही तीच तऱ्हा. कँटीनचा पोऱ्या विचारायचा, सर, चहा की कॉफी? सर आमच्याकडं बघायचे. कुणीतरी वैतागून चहा सांगायचं. मग निम्मा चहा प्यायल्यावर सर म्हणायचे की आज कॉफीच हवी होती खरं म्हणजे.

आणि हा माणूस शिकवायचा काय, तर माणसाचं स्वातंत्र्य! माणूस जन्मतः मोकळा आहे, दैव म्हणजे आळशांनी काढलेली पळवाट आहे, प्रत्येक क्षणी आपण निवड करत असतो आणि त्या निवडीची जबाबदारी आपल्याच शिरावर असते. हे असं ते तासभर, न अडखळता, टाळ्या मिळतील अशा आवाजात सांगायचे. पोरांनी त्यांचं नाव मुक्तात्मा ठेवलं होतं. सोलापुरात कुठं व्याख्यानमाला असली की मुक्तात्म्याला बोलावणं ठरलेलंच.

त्यांच्याविषयी लिहावं असं मला कधी वाटलं नसतं. लिहायला बसले ती त्यांच्या महानंदेमुळं. सरांची एकुलती एक मुलगी. तिला अकलूजच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती, तिला जायचं होतं, आणि बाप जाऊ देतो की नाही एवढाच प्रश्न होता. त्या प्रश्नाला या गृहस्थानं कसं तोंड दिलं ते सांगायचंय मला. पण त्याआधी गृहस्थ नीट कळायला हवा.

आम्ही शेजारी. होटगी रोडच्या बाजूला नव्यानं झालेल्या वसाहतीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी मूळची केमची, शेतकऱ्याच्या घरची. शिकायला सोलापूरला येण्यासाठी मला दोन दिवस जेवण सोडून बसावं लागलं होतं, त्यामुळं स्वातंत्र्य या शब्दाला काय भाव पडतो ते मला थोडंफार ठाऊक होतं. सरांची बायको लवकर गेली. घर चालवायची ती त्यांची थोरली बहीण, विधवा, दुधनीला दिलेली आणि तिथून परत आलेली. तिला सगळी वसाहत अक्का म्हणायची. अक्काचं मराठी अर्धं कानडी आणि कानडी अर्धं मराठी. भावाला ती तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. पन्नाशी उलटलेल्या मुक्तात्म्याला कुणी तम्मा म्हणून हाक मारलेली ऐकली की मला फार बरं वाटायचं.

दरवर्षी पहिल्या तासाला सरांचा एक खेळ असे. खडू हातात उंच धरायचा आणि सोडून द्यायचा. तो फरशीवर पडून त्याचे तुकडे झाले की म्हणायचं, "खडूला पडण्यावाचून पर्याय नव्हता. पण सोडायचा की नाही, हे मी ठरवलं. खडू आणि मी यांच्यात जो फरक आहे, त्याचं नाव माणूस." पोरं टाळ्या वाजवायची. मला एकदा शिपाई म्हणाला, "बाई, तुकडे मी उचलायचे हे बी त्यांनीच ठरवलं की." मी हसले, पण त्याचं काही खोटं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ आठवतो ना? आमच्याकडं तो त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत सरला नाही. सांगोल्याकडचा दत्तू नावाचा एक मुलगा सरांच्या वर्गात होता. हुशार होता, माझ्याकडून पुस्तकं न्यायचा आणि कव्हर घालून परत आणायचा. तो दोन महिने वर्गात दिसला नाही. गावाकडं दुष्काळी कामावर आईबापाबरोबर खडी फोडत होता. परत आला तर हजेरी कमी. सरांच्या सहीवाचून परीक्षेला बसता येईना. तो सरांपुढं उभा राहिला तेव्हा मी स्टाफ रूममध्येच होते.

सर अगदी प्रेमानं म्हणाले, "हे बघ, मी तुला दोष देत नाही. तू वर्गात न येणं निवडलंस. निवड केली की परिणाम स्वीकारायचे असतात."

दत्तू म्हणाला, "निवडलं न्हाय सर. खडी फोडली."

"तेच ते. खडी फोडणं निवडलंस."

पोरगं त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलं. त्याच्या हाताला फोड आले होते, ते त्यानं पाठीमागं लपवले. सही मिळाली नाही. प्राचार्यांनी अखेर आपल्या अधिकारात त्याला बसवलं, पण सरांच्या पेनातून शाई उतरली नाही. बरं, ही तत्त्वनिष्ठा आहे म्हणावं, तर त्याच आठवड्यात आमच्या वसाहतीत टँकर आला नाही आणि सरांनी दोन दिवस तास घेतले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "अंघोळीलाच पाणी नाही, बाई. परिस्थितीपुढं माणसाचा काय इलाज?" वा रे वा! दत्तूनं खडी फोडली तर ती निवड, आणि यांची अंघोळ हुकली तर ती परिस्थिती. मला त्या दिवसापासून या माणसाचं गणित कळलं. स्वातंत्र्य दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं आणि आपण परिस्थितीच्या सावलीत बसायचं.

पुढं पंचाहत्तरच्या जूनअखेरीस आणीबाणी आली. कॉलेज सुरू झालं आणि आम्ही सगळे वाट बघत होतो, आता मुक्तात्मा काय करतो. त्या वर्षी खडू पडला नाही. सर वर्गात गेले आणि म्हणाले, या वर्षी आपण अभ्यासक्रम उलट्या बाजूनं घेऊ, आधी नियतिवाद. जे घडतं ते आधीच ठरलेलं असतं, माणसाची इच्छा ही एक गोड समजूत आहे, नदीत पडलेल्या काटकीला वाटतं आपण पोहतोय. मार्चपर्यंत काटकी पोहत होती. स्वातंत्र्याचा धडा वेळेअभावी राहून गेला. पुढच्या वर्षीही राहून गेला.

सत्त्याहत्तरच्या निवडणुका झाल्या, वारं फिरलं, आणि जूनमध्ये खडू पुन्हा फरशीवर. स्टाफ रूममध्ये कुणी तरी खवचटपणे विचारलं, "काय सर, गेली दोन वर्षं कुठं होतं तुमचं स्वातंत्र्य?" तर गृहस्थ काय म्हणावेत? "मी मुद्दाम नियतिवाद शिकवत होतो. माझा तो निषेध होता. ज्यांना कळायचं त्यांना कळला." निषेध म्हणे! कुणालाच न कळणारा निषेध फक्त यांनाच जमावा. मी हातातला चहा खाली ठेवून सरळ बाहेर निघून गेले, नाही तर तोंडातून काही तरी वंगाळ गेलं असतं.

घरी अक्काशी मात्र त्यांचा शास्त्रार्थ रोजचा. अक्का भोळी. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की ती भाकणूक ऐकायला जायची. तिथं उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्यं, गूळ, पान-सुपारी असं सगळं मांडतात, आणि ते कशाला तोंड लावतं, कशाला हुंगतं, त्यावरून वर्ष कसं जाणार ते सांगतात. अक्का घरी येऊन आम्हाला सगळं सांगायची. सर दुसऱ्या दिवशी वर्गात अक्काची नक्कल करायचे. "वासरानं शेपूट हलवली की आमच्या घरात ज्वारीचं पोतं वाढतं!" पोरं खो खो हसायची. ती ज्वारी अक्का उन्हात वाळवून, निवडून, दळून आणायची आणि तिच्या भाकऱ्या हेच खायचे.

आता महानंदा. पोरगी बी.ए. झाली, बी.एड. झाली, दोन्ही वेळा चांगल्या वर्गात. दिसायला साधी, बोलायला कमी. तिचा दिवस कसा जायचा ते मी भिंतीपलीकडून ऐकत होते. पहाटे सरांना कढत पाणी. मग भाकऱ्या. ती भाकरी थापत असताना सर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून व्याख्यान सांगायचे आणि ती हात धुऊन, पुसून ते उतरवून घ्यायची, कारण सरांचं अक्षर सरांनाच लागत नसे. "लिही, नंदे, माणूस हा साखळदंडांना ओळखतो म्हणूनच तो..." आणि तव्यावर भाकरी करपायची. मग सर म्हणायचे, "आज लक्ष कुठं आहे तुझं?" त्या घरात बापाच्या स्वातंत्र्याची पानंच्या पानं मुलीच्या हातची होती.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात अकलूजच्या शाळेचं बोलावणं आलं. संस्था चांगली, शाळेजवळच राहायला खोली. महानंदा पत्र घेऊन आधी आमच्याकडं आली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, गाल लाल झाले होते. तिनं ते बापाला दाखवलं. बाप म्हणाला, "उत्तम. तू स्वतंत्र आहेस. मी तुला अडवणार नाही. फक्त विचार कर."

झालं. त्या 'फक्त विचार कर'नं पोरीचा महिना खाल्ला. रोज विचार करायला एक नवी गोष्ट. आज अक्काचे गुडघे. उद्या लोक काय म्हणतील, अर्थात सरांना लोकांची पर्वा नाही, पण विचार कर. परवा एकट्या मुलीनं परगावी राहणं. मग स्थळ येण्याची शक्यता. मग उसाच्या पट्ट्यातलं पाणी तुला सोसेल का. आणि प्रत्येक वेळी शेवट तोच, "निर्णय तुझा, माझं काही म्हणणं नाही." शाळेनं कळवलं की या सोमवारी हजर व्हा, नाही तर पुढच्या उमेदवाराला घेऊ.

ती लायब्ररीत आली. कपाटांच्या मध्ये उभी राहून रडली. म्हणाली, "बाई, अप्पा नाही म्हणत नाहीत हो. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हे 'विचार कर' म्हणतात आणि मग दोन दिवस जेवत नाहीत."

मी म्हटलं, "मग जा की सरळ! पिशवी उचल आणि जा."

"हो म्हणालेले नाहीत ना ते."

"अगं, हो नाही, नाही नाही, मग काय म्हणतोय हा माणूस?"

"तेच तर," ती म्हणाली. "काहीच म्हणत नाहीत."

मला इतका संताप आला की मी हातातला पुस्तकांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि दोन पोरं दचकून बाहेर गेली. बापानं मुलीला दाराला कुलूप लावून कोंडलं असतं तर चार लोकांनी त्याला नावं ठेवली असती. यांनी दार सताड उघडं ठेवलं आणि उंबऱ्यात स्वतः आडवे झोपले. ओलांडून जा म्हणायचं, वर मी अडवतोय का असं विचारायचं.

शेवटी अक्काच म्हणाली, "कौल लावू या." त्यांच्या घरी वीरभद्राची वीतभर पितळी मूर्ती होती. काही अडलं की ज्वारीचे दोन दाणे पाण्यात भिजवून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायचे. विचारणाऱ्यानं उपाशी समोर बसायचं. उजवा दाणा आधी खाली आला तर होकार, डावा आला तर नकार. मध्ये कुणी हात लावायचा नाही, फुंकर घालायची नाही, नुसतं थांबायचं. दुधनीला तिच्या सासरी गाय विकायची की नाही इथपासून सगळं असंच ठरे.

मला वाटलं, मुक्तात्मा आता खवळणार. कौल म्हणजे तर त्यांच्या वर्गातली हुकमी टर. पण सर शांतपणे म्हणाले, "अक्काच्या श्रद्धेचा मान राखायला हवा. मी कोण मध्ये बोलणारा? जो कौल येईल तो मला मान्य आहे." आणि पुढं म्हणाले, "अक्काचे हात थरथरतात. दाणे मीच लावतो. मी तटस्थ आहे."

रविवारी सकाळी महानंदा मला बोलवायला आली. "बाई, तुम्ही या. मला भीती वाटतीय." मी गेले. मे महिना, सोलापूरचं ऊन, सकाळीच भिंती तापलेल्या. वाऱ्यानं दाणा पडू नये म्हणून पंखा बंद ठेवलेला. महानंदा पाटावर मांडी घालून बसलेली, कालपासून पोटात पाणी नाही. अक्का बाजूला हात जोडून. सर अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून आले. यांच्या कपाळाला विभूती मी पहिल्यांदा पाहिली. त्यांनी वाटीतून एकेक दाणा उचलला आणि देवाच्या खांद्यांवर बसवला, पाठमोरे उभे राहून, भरपूर वेळ घेऊन.

आम्ही बसलो. घाम निथळत होता. सर माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "गंमत बघा बाई, या क्षणी माझी मुलगी आणि ते दाणे, दोघांची अवस्था एकच आहे." मी म्हटलं, "गप बसा." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं म्हटलं. ते खरंच गप बसले.

डावा दाणा सुकायला लागला होता. खांद्यावरून घसरत तो दंडाशी येऊन अडकला. उजवा जागचा हलत नव्हता. महानंदेची नजर त्या डाव्या दाण्यावर खिळलेली, आणि तिचे ओठ पांढरे पडत चाललेले. तेवढ्यात मला देव्हाऱ्याच्या कडेनं मुंग्या वर चढताना दिसल्या. काळ्या मुंग्या. त्या देवाच्या पायाशी थांबल्या नाहीत, फुलांकडं वळल्या नाहीत. मूर्तीच्या उजव्या बाजूनं रांगेनं वर गेल्या आणि उजव्या खांद्यावर गोळा झाल्या.

अक्का पुटपुटली, "देवरे, हितं मुंग्या कशा आल्या?"

महानंदेनं मुंग्यांकडं पाहिलं. मग बापाकडं पाहिलं. सर छताकडं बघत होते. ती उठली, देव्हाऱ्यापाशी गेली आणि हात पुढं करून तिनं उजव्या खांद्यावरचा दाणा उचलला. तो सहज निघेना. तिनं नखानं तो सोडवला, मुंग्या झटकल्या आणि दाणा जिभेवर ठेवला.

"गोड लागतोय, अप्पा," ती म्हणाली.

सर म्हणाले, "नैवेद्याचा हात लागला असेल." आणि लगेच पुढं म्हणाले, "वाटीत आधी काकवी असेल, धुतली नसेल नीट. योगायोगाचा भाग असतो."

अक्का हळूहळू उभी राहिली. गुडघ्यांवर हात देऊन. तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "सकाळी गुळाचा खडा मागितलास तम्मा. मला वाटलं निवदाला मागतोय." ती पुढं म्हणाली, "तुला 'न्हाय' म्हणायचं हुतं तर तोंडानं म्हणायचं की रे. देवाला कशाला खोटं बोलायला लावलास?"

"अक्का, हे बघ, मुळात कौल ही संकल्पनाच..."

"तू गप." मग ती महानंदेकडं वळली. "उजवा दाणा आदी उतरला. कसा उतरला ते देव बघंल. जा पोरी तू."

"उद्या सकाळच्या गाडीनं जाते," महानंदा म्हणाली. तिनं परवानगी मागितली नव्हती, सांगितलं होतं. आणि मग ती स्वयंपाकघरात जाऊन ताकाचा पेला घेऊन आली आणि तिथंच उभ्या उभ्या प्याली. मी त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. माझे डोळे भरून आले होते, आणि शेजारी उभा असलेला तो विभूती लावलेला माणूस मला डोळ्यांपुढं नको झाला होता.

सोमवारी एस.टी. स्टँडवर अक्का होती, मी होते. सर आले नाहीत. मागून कळलं की तिच्या निर्णयाचा आदर म्हणून आले नाहीत. असल्या आदराला काय चुलीत घालायचंय?

पुढची कथा ऐका. जूनमध्ये कॉलेज उघडलं. पहिला तास, खडू पडला, आणि त्यापाठोपाठ एक नवं उदाहरण. "माझी स्वतःची मुलगी. घरातल्यांचा विरोध होता. अंधश्रद्धेनं तिला बांधू पाहिलं. मी म्हटलं, तू मोकळी आहेस, जा." दाराबाहेर मी रजिस्टर घेऊन उभी होते. टाळ्यांचा आवाज मी स्वतः ऐकला. अंधश्रद्धा म्हणे! त्या घरात देवाशी प्रामाणिक असलेलं एकच माणूस होतं आणि त्याच्या नावावर हे बिल फाडलं. मी संध्याकाळी अक्काला काही सांगितलं नाही. सांगून काय, ती म्हणाली असती, तम्मा लहानपणापासून असाच हाय.

दिवाळीनंतर महानंदा आली आणि अक्काला घेऊन गेली. तिथं दवाखाना जवळ होता, गुडघ्यांना बरं पडेल म्हणाली. बापाला तिनं पाया पडून सांगितलं, "अप्पा, तुम्हीही चला म्हटलं असतं, पण तुमची नोकरी आहे." सर म्हणाले, "तुमचा निर्णय." मग घरात ते एकटेच. खानावळीत जेवायचे. तिथं वाढप्या विचारायचा, चपाती की भाकरी? ते शेजारच्या ताटाकडं बघायचे म्हणे. व्याख्यानं कमी झाली, कारण उतरवून घ्यायला कुणी नव्हतं. मला दया यायला हवी होती. आली नाही, खोटं कशाला सांगू?

वर्षभरानं ते निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल घातली, नारळ दिला. कुणी तरी त्यांना स्वातंत्र्याचा उपासक म्हटलं. मी मागच्या रांगेत बसून जांभया दिल्या.

नंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. केमला आमच्या थोरल्या भावाच्या घरी कार्य होतं म्हणून मी स्टँडवर गेले होते. तिथं बाकावर बिराजदार सर. शेजारी पत्र्याची ट्रंक, वळकटी, एका पोत्यात पुस्तकं. पांढरा शर्ट तसाच, कॉलर मात्र मळलेली. घर भाड्यानं देऊन निघाले होते.

"कुठं, सर?"

"अकलूजला. नंदेकडं. कायमचाच."

"तिनं बोलावलं?"

"मी तिच्यावर सोडलं होतं. तिनंच लिहिलं, या म्हणून. खोलीही काढून ठेवलीय म्हणे माझ्यासाठी, पूर्वेची." त्यांनी छत्री एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. "छान चाललंय तिचं, बाई. पुढच्या वर्षी मुख्याध्यापिका करणार आहेत. शेवटी काय, अकलूज तिच्या नशिबातच होतं. तुम्ही-आम्ही निमित्त."

रागानं माझे कान तापले. जन्मभर नशीब नाही, नशीब नाही म्हणून घसा फोडला, दत्तूच्या खडीला निवड म्हटलं, आणि आपल्या पोरीनं जन्मात एकदा हात लांब करून स्वतःचं काही घेतलं, तर ते नेमकं नशिबाच्या खात्यावर! तिच्याजवळ तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि तिच्या घरी बसून, तिच्या हातचं खाऊन, हे गृहस्थ आता रोज तिला तेच ऐकवणार होते. आणि तरी तिनं पूर्वेची खोली काढून ठेवली होती.

मी म्हटलं, "आणि तुमचं काय सर? तुम्ही एवढी वर्षं तिच्यासाठी काय काय केलंत, ते पण नशिबातच होतं का?"

त्यांना माझ्या बोलण्यातली धार कळली नाही. त्यांनी मनापासून विचार केला. गालातली लवंग या बाजूची त्या बाजूला केली. अकलूजची गाडी फलाटाला लागली, लोक धावायला लागले, हमालानं त्यांची ट्रंक उचलून टपावर नेली.

"मी?" ते उठता उठता म्हणाले. "मी कुठं काय केलं, बाई?"

दहा वर्षांत त्यांचं एकही वाक्य मी मानलं नव्हतं. "अगदी खरं बोललात, सर," मी म्हटलं, आणि त्यांची वळकटी त्यांच्या हातात देऊन माझ्या गाडीकडं वळले.